लाकूड गेलं, भिंती राहिल्या

आमच्या पिंपळगाव राजात घराचा भाव करायचा तर मान वर करावी लागे. गिऱ्हाईक घरात शिरे, वरच्या तुळया पाही, खांबावर मूठ आपटी आणि आकडा बोले. भिंतींकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. भिंती मातीच्या, माती गावच्या पांढरीची, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या टेकाडाची, आणि पांढरी काही कोणाच्या बापाची नव्हती. टोपली घेऊन जावं, खणून आणावी. घर म्हणजे वरचं सागवान, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अमीनाबी आमच्या शेजारची, गुलजार पिंजाऱ्याची बायको. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ती त्या घरात नवरी होऊन आली ती भाडेकरू म्हणूनच. घर वामनरावांचं. त्यांनी खामगावात अडत टाकली होती, आणि गावात ते भाडं आणि बटईनं, अर्ध्या वाट्यानं, लावलेल्या शेताचं धान्य न्यायला तेवढे येत. मानमोडीच्या साथीत गुलजार गेला. मूलबाळ नव्हतं. अमीनाबी रजया-गाद्या भरून, शिवून पोट भरू लागली आणि भाडंही देत राहिली. वामनरावांनी महिन्याच्या भाड्याचा आठ आण्यांचा रुपया केला तेव्हा माझी आई, कौशल्याबाई, भांडायला उठली. वामनराव हसून म्हणाले, "कौशल्याबाई, कापूस वाढला, जवारी वाढली, भाडंच काऊन मांगं राहावं?" कापूस त्यांच्या शेतात वाढला होता. अमीनाबीच्या रजईत तो विकतचाच होता. पण ती "हाव" म्हणाली आणि रुपया देऊ लागली. मागायच्या आधी देई. वर दर उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे तुळयांवरच्या मातीच्या छतावर, नवी खारी माती टाकी, तीही आपल्याच डोक्यावरून वाहून. दुसऱ्याचं छप्पर इतक्या मायेनं जपणारी बाई मी पाहिली नाही, आणि खरं सांगतो, मला त्या मायेचा रागच यायचा.

मग खामगावात घरांचं पीक आलं. कापसाची जिनं वाढली, दलाल आले, त्यांना माड्या हव्या झाल्या. लाकूड मिळेना. तेव्हा व्यापाऱ्यांची नजर खेड्यातल्या तुळयांवर गेली. माणसं गल्लीतून वर बघत हिंडू लागली. अमीनाबीच्या डोक्यावरच्या लाकडाला एका सौद्यात जेवढे पैसे मिळणार होते, तेवढं भाडं तिनं जन्मभर दिलं नसतं. वामनराव काही खुळे नव्हते.

ते दारात आले, चपला न काढता उभे राहिले. "अमीनाबी, घर इकलं. पुढच्या बाजाराले गाड्या येतीन."

"हाव," ती म्हणाली. हातातली सुई तशीच चालू होती.

गाड्या आल्या. आधी धाब्याची माती खाली ओढली. तिचीच माती, वर्षानुवर्षं तिनंच चढवलेली. मग तुळया उतरल्या, खांब निघाले, दाराची चौकटसुद्धा गेली. अमीनाबीचं सामान गल्लीत, ती सामानाजवळ. आई पदर तोंडाला लावून रडत होती. अमीनाबी मात्र जणू दुसऱ्या कोणाचं काम चाललंय तशी बघत होती. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती झाली होती. गाड्या निघाल्या तेव्हा तिनं गाडीवानाला पाणी दिलं.

ती जागा शोधायला गावात फिरली. पण लाकूड विकलेली घरं गावात आणखीही होती, आणि त्यांतली माणसंही जागाच शोधत होती. गोठ्याच्या कोपऱ्याला लोक रुपया मागू लागले. जिथं बैल बांधायचा तिथं माणूस बांधून पैसे मिळतात हे कळल्यावर बैल बाहेर आले! आमचंच घर एवढंसं, त्यात आम्ही सात जण.

दिवस कलताना आईला शेजारून धूर दिसला. जाऊन पाहते तर अमीनाबी त्याच चार भिंतींत, चूल त्याच जागी, वर उघडं आभाळ. दाराच्या भोकाला गोणपाट लावलेलं.

"बाई, इथी कशी राह्यशीन?"

"दुसरं कुठी जाऊ?"

उन्हाळाभर ती तशीच राहिली. भिंतीची सावली सरके तशी रजई घेऊन सरके. पोरं चिडवत, "अमीनाबी, तुह्या घराले चांदण्या लागल्या." ती मान वर करून बघतसुद्धा नसे. आयुष्यात पहिल्यांदा ती भाडं देत नव्हती, पण त्याचं सुख तिच्या तोंडावर कुणाला दिसलं नाही. दुःखही दिसलं नाही. त्याचंच आईला भ्याव वाटे.

मृगाच्या आधी आईनं गल्ली हलवली. कोणी बाभळीची बल्ली दिली, कोणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, कोणी गवताचे भारे. बाया चढल्या, बांधलं. अमीनाबी रोजंदारीवर आल्यासारखी भारे देत होती. पावसाळा त्या छपराखाली निघाला.

दिवाळीत वामनराव बटई न्यायला आले. छपरातून धूर निघताना पाहून थबकले. "वा! छप्पर झालं म्हणजे घर झालं. मंग भाडं सुरू करा लागन, अमीनाबी."

आणि ही बाई आत गेली, पदराची गाठ सोडत बाहेर आली. पैसे तयारच होते! आईनं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं गल्लीतल्या एका पोराला पुंजाजी पाटलांकडे पिटाळलं. पाटील आले, गल्ली जमली.

"वामनराव," पाटील म्हणाले, "गाड्या नेल्या तवा तुमी काय इकलं म्हणे?"

"घर."

"भिंती इकल्या का?"

"भिंतीले कोण पैसे देते? माती ते. पांढरीची."

"अन हे वरच्या पऱ्हाट्या कोणाच्या?"

वामनरावांनी सवयीनं मान वर केली. वर किमतीचं काहीच नव्हतं.

"मंग इथी तुमचं काय हाय, सांगा," पाटील म्हणाले. गल्ली हसली. वामनराव लाल होऊन गेले. पाटील वळून म्हणाले, "अमीनाबी, आजपासून घर तुहं. कोणाले पै देऊ नको."

"हाव," अमीनाबी म्हणाली. रुपया हातात तसाच. लोक पांगल्यावर तिनं आईला हळूच विचारलं, "खामगावले धाडून देऊ का?"

आई त्या दिवशी जेवली नाही, इतकी चिडली.

पण आईच ती. चार दिवसांनी एक खुंटी तासून घेऊन गेली. अमीनाबीचा कंदील कायम जमिनीवर असायचा, रजई शिवताना डोळे फुटायचे. आईनं भिंतीवर जागा पाहिली, दगड उचलला. "मी ठोकून देतो," आई म्हणाली. "वर टांगला की उजेड चांगला पडन."

अमीनाबीनं तिचा हात धरला. त्या सगळ्या वर्षांत तिनं कोणाचा हात धरलेला आईला आठवत नव्हता.

"नको, कौशल्याबाई. भिंतीले भोक पडते. विचारा लागन."

"कोणाले?"

अमीनाबी आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं, कोणाला विचारायचं ते. आईनं दगड खाली ठेवला.

त्यानंतर अमीनाबी पुष्कळ वर्षं जगली. मयतीच्या दिवशी मी आत गेलो तेव्हा भिंती सारवून गुळगुळीत होत्या, आणि चारी भिंतींत कुठं एक भोक नव्हतं.