जिथे कुणी कचरा टाकत नव्हतं

आमच्या नगररचना कार्यालयात प्रत्येक जमिनीला रंग असतो. राहण्याची पिवळी, शेतीची हिरवी, दुकानांची निळी, कारखान्यांची जांभळी. जिचा काहीच वापर होत नाही ती पांढरी, म्हणजे कागद तसाच कोरा सोडायचा. नोकरीला नवीन लागले तेव्हा मला हे पांढरे तुकडे फार आवडायचे, कारण त्यात काम कमी. आता नकाशावर तसा एखादा तुकडा दिसला की मी खुर्चीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसते. शेजारच्या टेबलावरचे हसतात. हसू देत.

राजूरकडच्या रस्त्यावरचं एक गाव. तिथे नगरपंचायत नव्यानेच झाली होती आणि गावाचा विकास आराखडा करायचं काम आमच्याकडे आलं होतं. पुढे कुठे घरं वाढतील, कुठे रस्ता जाईल, कुठे शाळा होईल, हे आराखड्यात आधीच ठरवून ठेवतात. पण त्याआधी आज कुठे काय आहे ते पायी फिरून पाहावं लागतं. साहेब लोक जीपमधून पाहतात. मी रचना सहायक, त्यामुळे चालायचं काम माझं.

नगरपंचायतीने वाट दाखवायला त्यांचा शिपाई सोबत दिला. पन्नाशीचा, उंच, हाडकुळा माणूस. बोलणं जेवढ्यास तेवढं. गावाच्या पश्चिमेला ओढ्यालगत एक गाडीवाट शेतांकडे जाते आणि वाटेच्या डाव्या हाताला सरकारी पडीक जमीन आहे. बोराटी, दगडगोटे, आणि वाटेला अगदी लागून एक मोठा लिंब. वाट चांगली रुंद होती. तरी हा माणूस डाव्या कडेने, बोराटीतून, धोतर काट्यातून सोडवत चालत होता. मला वाटलं, आहे एकेकाची सवय.

"या जागेचा वापर काय?" मी विचारलं.

"कशाचाच न्हाई, मॅडम. मोकळीच हाय."

आमच्या नियमाप्रमाणे मी आणखी दोघांना विचारलं. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला, आणि मोटारसायकलवरच्या एकाला. दोघांनीही तेच सांगितलं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं. मी नकाशावर तो तुकडा पांढरा सोडला.

तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ती कुणालाच आली नसती. आपल्याकडे गावाला लागून मोकळी जागा असली की तिथे काय काय नसतं! उकिरडा, पिशव्या, मेलेलं कुत्रं, सकाळी डबा घेऊन बसणारे. इथे काहीच नव्हतं. त्या म्हाताऱ्याच्या शेळ्याही वाटेवरून सरळ गेल्या. एवढी स्वच्छ जागा मी साऱ्या जालना जिल्ह्यात पाहिली नव्हती, आणि मी खूश झाले.

ऊन तापलं तशी मी लिंबाखाली बसून डबा उघडला. शिपाई म्हणाला, "मॅडम, मारुतीच्या वट्यावर चला. थंडगार हाय तिथं." मी म्हटलं, हीच सावली चांगली आहे, तुम्हीही बसा. तो बसला नाही. मी पोळी-भाजी खाऊन होईपर्यंत तो वाटेवर भर उन्हात उभा राहिला. मी बाटलीतल्या पाण्याने तिथेच हात धुतले. तो खाली जमिनीकडे बघत होता.

त्या गावाचा आठवडी बाजार हमरस्त्यावर भरतो. भाजीवाल्या बायकांच्या पाठीला एसट्या घासून जातात. बाजाराला जागा हवीच होती, आणि सरकारी, सपाट, गावाला लागून असलेली जागा ती एवढीच. आमच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि तो पांढरा तुकडा आठवडी बाजारासाठी राखीव झाला. यात कुणाचं काय चुकलं? काहीच नाही. आराखडा प्रसिद्ध झाला.

मग हरकती आल्या. हरकत म्हणजे काय, तर आपलं हिरवं पिवळं करा आणि रस्ता शेजाऱ्याच्या वावरातून न्या. प्रत्येकजण आपल्याच पोळीवर तूप ओढत होता. त्यात एका बाईची हरकत होती. बाजार तिथं नको, एवढंच. कारण काही लिहिलेलं नव्हतं.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात झाली. समोर आमचे साहेब, बाजूला नगराध्यक्ष, कोपऱ्यात टिपणं घ्यायला मी. तो शिपाई पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. बाईचा नंबर आला. डोक्यावरून पदर, पायात स्लीपर, हात बोटांपर्यंत भेगाळलेले. सभागृहात माझ्याखेरीज बाईमाणूस तीच.

"तुमची जमीन आहे का तिथे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग बाजार का नको?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचं नाव घ्यायला सांगितलं. तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माझी पोरगी हाय तिथं."

मी या भागातलीच आहे. पुढचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दात यायच्या आत गेलेलं लेकरू आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. दोन-तीन पुरुषच जातात. खाली मीठ घालतात, वर दगड आणि बोराटीचे काटे ठेवतात आणि मागे वळून न पाहता घरी येतात. आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती जाऊन बसेल, तिचं मन तिथून निघणार नाही, पुढचं लेकरू धरणार नाही, असं म्हणतात. त्या जागेचं नावही घेत नाहीत. कुणी परक्याने विचारलं तर म्हणायचं, मोकळीच हाय.

नगराध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "साहेब, तसं काई न्हाई तिथं. रेकॉर्डला बी न्हाई."

ते खरंच होतं. स्मशानाची नोंद असते, कब्रस्तानाची असते. याची कुठेच नव्हती. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. ते मऊ आवाजात म्हणाले, "बाई, नेमकी जागा दाखवा. तेवढी सोडून बाजार करू."

"मला कुणी दाखवलीया का, साहेब?" तिचा आवाज चढला. "बावीस वरसं झाली. मला म्हाईत असतं तर तेवढीच मागितली असती. म्हाईत न्हाई म्हनून समदी मागून राह्यले."

दाराशी ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. तिने तिकडे पाहिलं नाही. शेजारच्या कारकुनाने माझ्या कानात सांगितलं की शिपाई तिचा नवरा.

साहेबांनी ठरवलं की जागेवर जाऊन पाहणी करायची. वापराचा पुरावा मिळाला तर ठीक, नाहीतर आरक्षण कायम. म्हणजे पुरावा नाही मिळाला तर जेसीबी येणार, जमीन सपाट करणार आणि वर काँक्रीट पडणार. हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. कुणी तोंड उघडलं नाही, आणि मला त्या सगळ्या मिशाळ माणसांचा असा राग आला की पेन दाबून माझं टिपण फाटलं.

पाहणीला गावातले पुष्कळ पुरुष जमले. वाटेवर घोळका करून उभे राहिले. ती बाई मागे, एकटी. साहेबांनी विचारलं, "इथे लहान मुलं पुरतात हे कुणाला माहीत आहे?"

कुणी ओढ्याकडे बघतोय, कुणी मोबाइलमध्ये. झाकली मूठ उघडायची कुणी? साहेब वैतागून मला म्हणाले, "चला मॅडम, हद्द मोजून घ्या. संपवू."

मी टेप घेऊन लिंबाकडे निघाले. वाटेवरून पाऊल खाली टाकणार एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, थांबा! तिथं पाय ठिवू नका!"

शिपाई होता. त्याने चपला काढल्या, माझ्या बाजूने पुढे गेला आणि लिंबाच्या बुंध्याजवळ उभा राहिला. मी डबा खायला बसले होते त्याच्यापासून हातभर अंतरावर.

नंतर शेळ्यांचा तो म्हातारा आत गेला. दगडांपाशी थांबला, मग थोडा पुढे जाऊन पुन्हा थांबला आणि साहेबांना म्हणाला, "हितं. आन हितं बी." मग एकेक करत सगळेच निघाले. मोटारसायकलवाला ओढ्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. शेवटी नगराध्यक्षांनीही आपले पांढरे बूट काढले, पँट वर घेतली आणि बोराटीतून वाट काढत पार आतल्या टोकाला गेले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्या पडिकात माणसं उभी, माना खाली. मी कोरा सोडलेला तो तुकडा माझ्यासमोर भरत गेला आणि मला टेप उलगडायचं सुचेना.

साहेबांनी टोपी काढली. "झाली पाहणी," एवढंच म्हणाले.

बाई वाटेवर होती तिथेच होती. ती लिंबाकडे पाहत होती.

"एवढी जवळ?" ती मला म्हणाली. "मॅडम, वावरात जायाची वाट हीच हाय माझी. दर रोज इथनंच गेले मी. तिच्या उशाला लागून गेले."

मी तिचा हात धरला. तिने तो थोडा वेळ राहू दिला.

बाजाराचं आरक्षण आम्ही शाळेमागच्या खासगी जमिनीवर सुचवलं आणि ओढ्याकाठचा वापर आहे तसा ठेवावा असं लिहिलं. त्यासाठी आमच्याकडे रंग नव्हता. साहेब म्हणाले, पांढराच राहू द्या, फक्त भोवती हद्दीची रेघ मारा. आराखडा मंजुरीला वर गेलाय. वरच्यांना तिथे फक्त गावालगतची सपाट सरकारी जमीन दिसेल, याची मला धास्ती वाटते. मंजुरी अजून आलेली नाही.

शाळेमागची जमीन मोजायला पुन्हा गेले तेव्हा शिपाई भेटला. पाणी देता देता म्हणाला, "मॅडम, त्या दिशी तुमी हात धुतले ना, ते पानी तिथंच मुरलं. बरं वाटलं मला." मी त्या घटनेची मनातल्या मनात किती वेळा माफी मागितली होती, ते त्याला काय सांगू. उलट मीच विचारलं, "इतकी वर्षं त्यांना सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगत न्हाईत," तो म्हणाला. मग रिकामा पेला परत घेत म्हणाला, "संगं वावरात जाताना तिचा पाय पडू नये म्हनून लिंबाच्या कडंनं मी चालायचो, झालं."

संध्याकाळी एसटीची वाट पाहत थांबले होते. थांब्यावरून ओढ्यालगतची ती गाडीवाट दिसते; ती दोघं नवराबायको वावरातून घरी येताना दिसली. तो वाटेच्या मधोमध चालत होता. ती लिंबाच्या बाजूने, बोराटीतून, लुगडं काट्यातून सोडवत येत होती.