शिल्लक ठेवलेली मेमरी

चित्रा मढवी कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे ती एकटीच. १९९६ साली तिथे मोठा सर्व्हर आला आणि उत्पादन, स्टोअर, प्रयोगशाळा, हजेरी असे चारही डेटाबेस त्या एकाच मशीनवर चढले. मेमरी पाचशेबारा एमबी. कुणाला किती द्यायची, ते चित्राने ठरवायचं.

कोण किती मेमरी वापरतं, त्याचे आकडे तीन आठवडे ती तासातासाला टिपत राहिली. मग कागद केला: उत्पादनाला एकशेसाठ, स्टोअरला शहाण्णव, प्रयोगशाळेला ऐंशी, हजेरीला अठ्ठेचाळीस. उरलेले एकशेअठ्ठावीस खुद्द मशीनला आणि त्यावर कामाला बसणाऱ्यांना.

"एवढी रिकामी कशाला ठेवलीस?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"रिकामी नाही साहेब. जो जो कामाला बसतो, तो त्यातली थोडी घेतो."

हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. साहेबांनी उत्पादनाला चौसष्ट आणि प्रयोगशाळेला अठ्ठेचाळीस वाढवून दिले. उरले सोळा. चित्राने वाद घातला नाही. अंगात त्राणच नव्हतं.

सोमवारी साडेनऊला चाळीस माणसं कामाला बसली आणि मशीन रांगायला लागलं. मेमरी पुरेना, म्हणून ते हातातलं काम डिस्कवर टाकायचं आणि लगेच परत ओढायचं. एक गेटपास निघायला दहा मिनिटं. ट्रक खोळंबले. फोन सगळे चित्रालाच.

दुपारी साहेब म्हणाले, "तुझाच कागद लाव." पण उत्पादनवाले अडून बसले, आम्हाला खरंच कमी पडतं म्हणून. थोडं कमी पडत होतं, हे चित्रालाही माहीत होतं. आणायचं कुठून?

तेवढ्यात स्टोअरचे गोविंदाभाऊ दारात आले. निवृत्तीला टेकलेला माणूस. "पोरी, माझ्यातली बत्तीस त्यांना दे. माझे रिपोर्ट जरा उशिरा निघतील, एवढंच ना?"

"चालेल तुम्हाला?"

"चालवू. सकाळपासून काही खाल्लंस का तू?"

चित्राला एकदम रडूच आलं. इतक्या दिवसांत सगळे मागायलाच आले होते.

चारही डेटाबेस बंद करून, नवे आकडे घालून तिने एकेक चालू केला. पाचला ट्रक हलले. कोपरला घरी पोचल्यावर आईने वाढलेल्या ताटासमोर ती नुसती बसून राहिली.

ती वाटणी दोन वर्षं टिकली. कुणी जास्त मेमरी मागितली की साहेब आता म्हणायचे, "चित्राला विचारा." आणि चित्रा प्रत्येकाला पहिल्यापासून समजावत बसायची.