बालवॉर्डातले घोडे

थॅलेसेमिया मेजर असला की दर एकविसाव्या दिवशी रक्त चढवावं लागतं. जन्मभर! एक पिशवी संपायला चार तास लागतात, आणि चार तास छताकडे बघत कोण पडणार? मग किस्से जमतात. मी बदलापूरचा, शेजारच्या बेडवरची कोमल उल्हासनगर कॅम्प पाचची. दुधाचे दात पडायच्या आधीपासूनची दोस्ती. आज मी चोवीस, ती सव्वीस. वॉर्ड मात्र तोच, लहान मुलांचा. भिंतीवर ससे.

*

मध्यंतरी नवीन डॉक्टर आले. माझी फाइल चाळत, वर न बघताच त्यांनी विचारलं, "बाळाची आई कुठेय?"

"आई घरी आहे, सर. बाळ अंबरनाथच्या कंपनीत डिस्पॅच बघतं. सकाळचा टेम्पो भरूनच आलंय!"

त्यांनी वर पाहिलं. माझी मिशी पाहिली. तरी म्हणाले, "सही आईचीच लागेल."

*

मी तान्हा असताना, हा आजार कुणाकडून आला यावर घरात जोरदार भांडणं व्हायची म्हणे. पप्पा म्हणायचे, तुझ्या माहेरचा. मम्मी म्हणायची, तुमच्या खानदानाचा. शेवटी दोघांची टेस्ट झाली. दोघंही मायनर! म्हणजे स्वतः ठणठणीत, पण आजार रक्तात घेऊन फिरणारे. असे दोघे एकत्र आले की माझ्यासारखं पोर होऊ शकतं. आमच्यापैकी कुणी मायनरशी लग्न केलं तर धोका दुप्पट.

त्या रिपोर्टपासून आमच्या घरात शांतता आहे.

*

चामटोलीची आत्या दर खेपेला बीट, खजूर, गूळ पाठवते. "खा रं बाबा, रगत वाढंल!" तिला वर्षानुवर्षं सांगतोय, बाहेरच्या रक्तातलं लोह आमच्या अंगात साठतं, ते काढायलाच रोज गोळ्या घेतो.

कोमल म्हणाली, "आत्या को बोल, अंदर ऑलरेडी एमआयडीसी खुली है."

मी आत्याला पुन्हा नीट समजावलं. पुढच्या खेपेला तिने लोखंडी कढई पाठवली.

*

वर्षभराच्या सुट्ट्यांच्या तारखा मी साहेबांना जानेवारीतच देतो. यंदा ते भडकले. "आजारी कधी पडायचं हे आधीच ठरवलंयस?"

मग कॅलेंडर बघून म्हणाले, "मार्चमधलं जरा पुढे ढकल ना. क्लोजिंग असतं."

*

आता कोमलचं. तिला लग्न करायचंय, आणि हे ती कुणापासून लपवत नाही. तिचं स्वतःचं पार्लर आहे, अर्ध्या कॅम्पच्या नवऱ्या तिने सजवल्यात. तिचा नंबर मात्र लागत नव्हता. तीन स्थळं आली. तिन्हींचा फोनवर एकच डायलॉग: "लडकी बहुत अच्छी है जी, लेकिन खून में प्रॉब्लेम है." ती हसून सांगायची. मला संताप यायचा.

चौथी मंडळी मोठ्या मनाची निघाली. मुलाची आई समोसा खात म्हणाली, "हम तो इसको ऐसे ही अपना लेंगे." कोमलच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोमलने विचारलं, "आंटी, लडके की टेस्ट करवाई है?"

"किसलिए? पहलवान है मेरा बेटा!"

"करवा लीजिए."

आईने तिला टेबलाखालून चिमटा काढला. पण मुलाने बिचाऱ्याने टेस्ट केली. मुलगा खरंच चांगला होता, कोमलला आवडलाही होता. रिपोर्ट आला. मायनर.

त्या दिवशी आम्ही नेहमीसारखे शेजारी पडलो होतो. तिच्या पप्पांचा फोन आला, आता त्या लोकांना कसं सांगायचं?

"रहने दो पापा, मैं बोलती हूँ."

सुईचा हात तसाच ठेवून तिने दुसऱ्या हाताने नंबर लावला. एकदा घसा साफ केला.

"आंटी, लडका बहुत अच्छा है जी," ती म्हणाली, "लेकिन खून में प्रॉब्लेम है."