चौथीच्या वर्गातलं तान्हं बाळ

बहात्तरच्या दुष्काळात मी मिरजगावच्या पलीकडे एका गावात चौथीला शिकवत होतो. शाळेला खोल्या पुरत नव्हत्या, म्हणून पहिली गावाच्या दुसऱ्या टोकाला चावडीत भरायची. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची, मेंढपाळांची, तांबोळ्यांची, बौद्धवाड्यातली अशी सगळीच मुलं होती. त्या वर्षी सगळ्यांचेच आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तान्ही बाळं थोरल्या बहिणींच्या गळ्यात पडत. त्यामुळे वर्गातल्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. एक मुलगी मात्र शाळा सोडायला तयार नव्हती. ती भावाला कडेवर घेऊनच यायची. दुपारच्या सुट्टीत तिची आई कामावरून पळत येई, पडवीत बसून बाळाला पाजी आणि परत जाई.

मी ते चालवून घेतलं होतं. पण एके दिवशी तपासणीला साहेब येणार असा निरोप आला. नेमकं त्या सकाळी बाळ सारखं किरकिरत होतं. फळा पुसता पुसता माझा तोल सुटला.

"ही शाळा आहे, बाळंतिणीची खोली नव्हे. जा त्याला घेऊन घरी!"

तिनं पाटी पिशवीत घातली, बाळाला सावरलं आणि ती गेली. वर्ग शांत झाला आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच मला अजून खातं.

दुपारी आई आली. केसांवर, पापण्यांवर खडीची धूळ.

"पोरगी कुटं हाय, गुरुजी?"

"घरी पाठवली."

"घरी?" तिनं पदराची गाठ चाचपली. "घराला कुलूप हाय की. किल्ली ही काय, माज्यापाशी!"

आम्ही दोघं निघालो. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. सगळी आळी कामावर, दारं बंद. पुढे वाटेवर बिनकठड्याची विहीर होती. पाणी कधीच आटलेलं, तळाला नुसता खडक. मी गुडघे टेकून आत वाकलो. आई चार पावलं मागेच थांबली.

"गुरुजी, सांगा की!"

तळाशी एक फुटकी कळशी दिसली. बाकी काही नाही. "काही नाही," मी उठत म्हणालो.

ती तशीच पुढे चालू लागली. चावडी जवळ आली तशी थबकली.

"रडतंय. माजंच हाय."

मला काही ऐकू आलं नव्हतं.

आत तुळईला झेंड्याची दोरी बांधून जुन्या लुगड्याची झोळी केलेली होती. पहिलीच्या बाई, नगरकडच्या ख्रिस्ती, एका हातानं झोळी हलवत पाढे म्हणवून घेत होत्या. मुलगी पोरांच्या पाट्या तपासत होती.

"या गुरुजी," बाई म्हणाल्या. "सकाळपासून माझा अर्धा वर्ग हीच सांभाळतेय. अशा आणखी कोणी नको झाल्या असतील, तर पाठवून द्या."

आई बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मान वळवून मला बघितलं आणि डोळे पुसता पुसता हसली.

"बाई, गुरुजींना आदी पानी द्या. लई पांढरं पडलंय त्वांड."

मी पहिलीच्या पोरांत खालीच बसलो. मुलगी जवळ आली.

"गुरुजी, सायेब गेलं का?"

"आलेच नाहीत."

"मग उद्या येतील. उद्या बी मी हितंच बसू?"

"नको. आपल्या वर्गात ये. त्यालाही आण."

"आन् रडला तर?"

"रडू दे."

तिनं आईकडे पाहिलं. "जा म्हनत्यात तर जा की! मुकादम माज्या नावानं बोंबलत आसंल," असं म्हणत आईनं बाळ झोळीत ठेवलं आणि ती पळाली. तिकडे चौथीनं शाळा डोक्यावर घेतली असणार, हे कळत होतं. तरी बाळाचा डोळा लागेपर्यंत मी तिथंच झोळी हलवत बसलो.