अर्शावीर सूर सोडेना

ग्युमरीत आमच्या शेजारी अर्शावीर राहतो. तो दुदुक वाजवतो. खरं तर वाजवत नाही, धरतो. दुदुक म्हणजे जर्दाळूच्या लाकडाचं सनईसारखं वाद्य, वाजतं जोडीनं. एकावर त्याचा जोडीदार गेगाम धून वाजवून लोकांना रडवतो आणि दुसऱ्यावर अर्शावीर एकच सूर धरून बसतो. गाल फुगवायचे, नाकानं श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. उभा जन्म त्यात गेला. त्याची बायको सिरानुश म्हणते, "तुमच्यापेक्षा आपली किटली बरी. उकळल्यावर थांबते तरी."

गेगामचा तोरा मात्र विचारू नका. कार्यक्रमाआधी तो स्वतःचं नाव सांगतो, गुरूचं सांगतो, दुदुक ज्या झाडाचं केलं त्या झाडाचं गावसुद्धा सांगतो. अर्शावीरचं नाव आजवर त्याच्या तोंडून निघालेलं नाही. मला तर त्याच्या मिशा ओढाव्याशा वाटतात.

त्या रविवारी दुपारी सभागृहात कार्यक्रम होता आणि अर्शावीरच्या मुलीला बघून गेलेली मंडळी पुढच्याच रांगेत येऊन बसली होती. त्यांचा होकार अजून यायचा होता. मुलाचे वडील मार्तिरोस म्हणजे फटकळ माणूस. बाहेरच्या फलकावर एकट्या गेगामचं नाव बघून त्यांनी सिरानुशला सरळ विचारलं, की तुमचे यजमान वाद्यं उचलायला असतात का. बिचारी लालबुंद झाली.

हे कानावर येताच अर्शावीरनं पडद्यामागे जाऊन गेगामला विनवलं, की आज तरी माझं नाव घे, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

"अर्शावीर जान, भिंतीला कोणी हार घालतं का?" गेगाम हसून म्हणाला.

आता आमच्याकडे रीत अशी, की धून संपली तरी धरलेला सूर मागाहून थांबतो, आणि तो थांबल्याशिवाय धून वाजवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. शेवटची धून संपली. गेगामनं दुदुक मांडीवर ठेवलं. सूर चालूच. त्यानं डोळे वटारले, तरी चालूच. लोकांना वाटलं अजून काही आहे. कोणी टाळी वाजवेना. झक मारत त्यानं पुन्हा दुदुक उचललं, थोडं आळवलं, संपवलं. सूर आपला चालूच. तिसऱ्या खेपेला त्याच्या मिशांतून घाम गळायला लागला. अर्शावीर गाल फुगवून छताकडे बघत बसलेला, अगदी साळसूद.

"थांब की मेल्या," गेगाम पुटपुटला.

अर्शावीरनं भुवई उडवून लोकांकडे खूण केली.

गेगामनं दातओठ खाल्ले आणि बसल्या जागेवरून लोकांना सांगितलं, "सूर धरलाय आमच्या अर्शावीरनं."

तेव्हा कुठे अर्शावीरनं सूर सोडला.

आणि सभागृह एकदम उघडं पडलं, हिवाळ्यात घरातली शेगडी विझावी तसं. टाळ्या पडायलाही वेळ लागला. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मार्तिरोस तर त्या शांततेला कान लावून बसले होते. मग ते सिरानुशकडे वाकले.

"थांबल्यावर कळलं हो, हे केवढं वाजवत होते ते, विहीणबाई."