टाकीवरचं मोहोळ आणि चारशेची लेन्स

मोहोळावरून लाट गेली तेव्हा मी मंडपाच्या पार शेवटच्या खुर्च्यांमागे ट्रायपॉडला मिठी मारून उभा होतो. डोळा कॅमेऱ्याला. समोर स्टेजवर फुलांची कमान. कमानीपलीकडे आप्पांची लिंबोणीची बाग. बागेपलीकडे गावाची पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पोटाला लटकलेलं आग्या मोहोळ, चांगलं म्हशीच्या पाठीएवढं. नुसत्या डोळ्यांना ते टाकीला अडकलेलं काळं पोतं दिसायचं. मला लेन्समधून एकेक माशी ढुंगण वर करताना दिसत होती. आधी वरच्या माशा, मग त्यांच्या खालच्या, मग त्यांच्या खालच्या. वाऱ्याची झुळूक जोंधळ्यावरून जाते तशी लाट.

ही लाट म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मोहोळ दम देतं. कुत्रं चावायच्या आधी गुरगुरतं, तसं. एकदा गुरगुरलं तर वाट बदलावी. दुसऱ्यांदा गुरगुरायची वाट बघू नये.

मी बिबट्याच्या गोष्टी हसत हसत सांगतो. मोहोळाची एकही सांगत नाही. त्यावरून काय ते समजा.

आता फोटोवाला असून मी नवरा-नवरीपासून एवढा लांब का, हे आधी सांगतो. मिरजगावातलं लग्न. नवरीचा बाप म्हणजे आप्पा. लिंबाचे बागायतदार, आवाज असा की माइक लाजावा. सुपारी देतानाच त्यांनी मला बजावलं होतं.

"गोरख्या, पुतण्याच्या लग्नात आमी नवरा-नवरी बघितलीच न्हाई. नुसत्या फोटोवाल्यांच्या पाठी बघितल्या. ह्या खेपेला स्टेजवर एक बी कॅमेरेवाला चढला, तर त्याला अंतरपाटात गुंडाळून घरी धाडीन."

"मग फोटो कुठून काढू, आप्पा?"

"ते तुझं तू बघ. राजूरला काढलास तसा काढ."

राजूरचा फोटो हे माझं भांडवल. त्यांच्या लेकीचं, ऋतुजाचं प्री-वेडिंग शूट आम्ही राजूरच्या डोंगरात केलं होतं. तेव्हा उसन्या आणलेल्या एका लांब लेन्सने मी कोसभर पलीकडचा डोंगर जोडप्याच्या खांद्यावर आणून बसवला. लांब पल्ल्याची लेन्स मधलं अंतर गिळते. मागची वस्तू पुढच्या वस्तूला येऊन चिकटते. आप्पांनी तो फोटो बैठकीत लावला आणि मला एकच प्रश्न विचारला, "डोंगर इतका जवळ हुता, तर चढला का न्हाईत?" मी म्हणालो, वेळ नव्हता. धंद्यातली सगळी गुपितं गिऱ्हाइकाला सांगायची नसतात.

तर लेन्स निवडायला मी आणि अस्लम नगरला गेलो. अस्लम माझा भागीदार. मी फोटो काढतो, तो ड्रोन उडवतो. मी बोलतो, तो ऐकतो. दुकानात भाड्याने द्यायच्या दोन लेन्स होत्या. एक सत्तर-दोनशे, दुसरी शंभर-चारशे. हा आकडा जितका मोठा, तितकी लांबची वस्तू जवळ येते. दोन आकडे असले की लेन्स झूम, म्हणजे कडं फिरवून हवं तितकं ओढा.

"शेठ, गोरज मुहूर्त आहे. उजेड जाणार," अस्लम म्हणाला. "सत्तर-दोनशे घ्या. तिचं तोंड मोठं आहे, अंधारातला पण उजेड खाती ती. चारशेवाली उजेडाची उपाशी असती."

बरोबर होतं त्याचं. लेन्सच्या आत पाकळ्यांची झडप असते, डोळ्याच्या बाहुलीसारखी. ती जास्त उघडणारी असली तर कमी उजेडात भागतं. पण मी दोन्ही लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला लावून दुकानाच्या दारात उभा राहिलो. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असायचा. यात तो नसतो, डोळ्याला लावायचा छोटा पडदा असतो आणि फोटो जसा येणार तसा आधीच दिसतो. रस्त्यापलीकडे रसवंती होती. दोनशेतून रस पिणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला. चारशेतून त्याच्या ग्लासातली माशी दिसली. मी तिथूनच ओरडलो, त्याने ग्लास टाकला, आणि रसवंतीवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी चारशेवाली उचलली. वजन असं की गाडी परतीला डावीकडे ओढत होती.

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर आप्पांनी खास कार्यक्रम जाहीर केला. व्याह्यांच्या गावात कुणीतरी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. म्हणून इथे ड्रोन. त्याला पाकळ्यांची पेटी बांधायची, टाकीला वळसा घालून लिंबोणीवरून आणायचा, आणि अंतरपाट दूर होताच वधूवरांवर पाऊस पाडायचा. स्टेजला मागचा पडदासुद्धा लावला नव्हता. फोटोत बाग दिसली पाहिजे, हा हट्ट.

अस्लमने स्टेजच्या शेजारून ड्रोन उडवून एकदा तालीम केली. ड्रोन टाकीला वळसा घालून परत आला. मोहोळावरून ती लाट गेली, ती तेव्हा.

मी लेन्स तशीच ठेवून आप्पांकडे गेलो. फेटा, घाम, हातात अक्षतांचं ताट.

"आप्पा, ड्रोन रद्द करा. मोहोळ उठायच्या बेतात आहे."

"कुनी सांगितलं?"

"मी बघितलं. दम देतंय."

आप्पा शेजारच्या पाहुण्यांकडे वळले. "ह्यो आमचा गोरख. ह्याचा ट्रायपॉड बिबट्यानं चावला हुता. एकदा ह्याच्या फ्लॅशनं कोंबडा मध्यरात्री आरवला. आता मोहोळानं ह्याला दम दिलाय."

पाहुणे हसले. मीही हसलो, सवयीने. बिबट्याची गोष्ट मीच सांगितली होती. ट्रायपॉड खरं तर टेम्पोखाली गेला होता.

"दोन वर्षं हाय ते मोहोळ तिथं," आप्पा म्हणाले. "टाकीवर पोरं चढत्यात. कुनाला काय झालं न्हाई. जा, फोटो काढ."

मी परत चाललो. चालता चालता मंडपाकडे पाहिलं. वर कापड, तिन्ही बाजूंना कनाती, बाहेर पडायला स्टेजच्या समोरच्या टोकाला प्रवेशाची एक कमान आणि तिच्यात अत्तर शिंपडणाऱ्या मुली. अख्खा तालुका आत बसलेला. मांडीवर लेकरं. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. स्टेजवर ऋतुजा, अंगावर तिच्या वजनाएवढा शालू. आग्या माशा आल्या तर जवान माणूस विहीर गाठतो. शालूतली पोरगी कुठे जाणार? आणि मला खात्री होती, तिथल्या हजार माणसांत हे फक्त मला दिसलं होतं, आणि त्या हजारांत माझाच शब्द कुणी धरत नव्हतं.

तेव्हा लेन्सकडे पाहिलं. म्हटलं, बाई, मी थापा मारतो म्हणून माझं कुणी ऐकत नाही. तू मार. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

ट्रायपॉडचे पाय मिटवून कॅमेरा गुडघ्याएवढा खाली घेतला आणि खुर्च्यांमधल्या मोकळ्या वाटेत जमिनीवर फतकल मारली. जितकं खाली बसाल, तितकं पुढचं माणूस मागच्या उंच वस्तूकडे सरकतं. झूम पुरता चारशेवर. झडप बारीक केली, म्हणजे पुढची नवरी आणि मागचं मोहोळ दोन्ही ओळखू येतील. बाग ऋतुजाच्या खांद्याखाली राहिली, तेवढी फ्रेमबाहेर ठेवली. बटण दाबलं.

पडद्यावर आलेला फोटो पाहून मला स्वतःला घाम फुटला. ऋतुजाचा चेहरा, आणि तिने हात वर केला तर बोट लागेल इतक्यावर मोहोळ. तिच्या डोक्याच्या दुप्पट. काळं, ओलसर, लोंबणारं.

कॅमेरा ट्रायपॉडसकट खांद्यावर टाकून मी धावलो. गुरुजींनी मंगलाष्टकाला आवाज लावला होता. आप्पा स्टेजच्या पायरीशी होते. मी बोललोच नाही. पडदा त्यांच्या नाकासमोर धरला.

आप्पांनी पाहिलं. मग वळून स्टेजकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. त्यांच्या मिश्या खाली आल्या.

"हे आत्ताचं हाय?"

"हे आत्ताचं."

आप्पांच्या हातातलं ताट कलंडलं. आणि इथे माझी चूक झाली. माणसाला घाबरवणं सोपं असतं. घाबरलेल्या माणसाला वळवणं अवघड.

अस्लमने तोवर ड्रोन वर नेला होता. अंतरपाटाची वेळ गाठायची म्हणून तो कधीच टाकीपाशी पोचला होता. आप्पांनी थेट शेजारी रिमोट धरून उभ्या असलेल्या अस्लमचं मनगट धरलं. "खाली घे ते. हितं आण. आत्ताच्या आत्ता."

ड्रोनला एक बटण असतं. ते दाबलं की तो जिथून उडाला तिथेच आपला आपण परत येतो. सोय चांगली आहे. आमचा उडाला होता स्टेजच्या शेजारून.

अस्लमचं बोट बटणाकडे गेलं. मी कॅमेरा टाकीकडे वळवून डोळा लावला. मोहोळ निम्मं झालं होतं. उरलेलं निम्मं हवेत होतं, आणि ते ड्रोनच्या मागे धुरासारखं ताणलं जात होतं.

"अस्लम, इकडे आणू नको," मी म्हणालो. आवाज माझा होता की नाही, देव जाणे. "मागे माशा आहेत."

"किती?"

"सगळ्या."

अस्लमने बोट उचललं. "कुठं नेऊ?"

"आनू नको म्हंतोय कोन," आप्पा ओरडायला लागले, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आवाज माइकवर गेला असता तर मंडप एका कमानीतून बाहेर पडायला धावला असता. माशा राहिल्या बाजूला, चेंगराचेंगरीनेच काम झालं असतं.

"पलीकडं, पडीक रानात," मी म्हणालो. "सावकाश. पळवलास तर माशा मागे सुटतील आणि इकडे वळतील."

मग मी लेन्समधून बघत राहिलो आणि अस्लम माझ्या तोंडाकडे बघत ड्रोन चालवत राहिला. "आहेत का मागे?" "आहेत." "आता?" "आहेत. दोन-चार फुटल्या. नाही, वळल्या परत." मंगलाष्टकं चालू होती. लोक अक्षता टाकत होते. माझ्या कानावर काहीतरी बसलं आणि मी श्वास सोडला नाही. ती अक्षता निघाली.

टाकीच्या पार पलीकडे पडीक रान आहे. तिथे अस्लमने ड्रोन उतरवला. उतरताना पेटी उघडली आणि गुलाबाच्या सगळ्या पाकळ्या तिथे चरणाऱ्या एका रेडकावर पडल्या. रेडकाने वर पाहिलं, मागून येणारा धूर पाहिला, आणि ते असं सुटलं की त्याच्या मालकाला ते दुसऱ्या गावात सापडलं म्हणतात. माशा ड्रोनवर बसल्या. पांढरा ड्रोन काळा झाला. पंखे थांबले तशा हळूहळू एकेक करून उठल्या आणि सूर्य टेकताना टाकीकडे परतल्या.

अंतरपाट कधी दूर झाला, ते मी पाहिलं नाही. टाळ्या ऐकल्या. मी वळलो तेव्हा गळ्यात हार पडले होते. लग्नातल्या मुख्य क्षणाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. मंडपात कुणालाही काही कळलं नाही. फक्त पाहुण्यांत कुजबुज झाली, ड्रोनवाला ऐन वेळी फसला.

आप्पांनी पोरीला सासरी धाडलं, तेव्हा ते इतरांहून जास्त रडले. लोक म्हणाले, बापाचं काळीज.

महिन्याभराने ते अल्बमचे फोटो निवडायला माझ्या स्टुडिओत आले. चहा झाला. तो मोहोळाचा फोटो त्यांनी मोठ्या स्क्रीनवर बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढला.

"काल मी स्टेजच्या जागेवरनं टाकीपर्यंत चालत गेल्तो," ते म्हणाले. "दमलो. मधी बांध हाय, मधी माझी सगळी लिंबोणी हाय."

मी कप आत नेऊन ठेवायला उठलो.

"बस खाली. ह्या फोटोत माझी लिंबोणी कुठं गेली?"

"लेन्सनं गिळली, आप्पा."

आप्पांनी चष्मा परत चढवला. "राजूरचा डोंगर बी असाच आनला हुतास व्हय?"

"व्हय."

"आन् बिबट्या?"

"त्याला लेन्स लागली नाही."

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मोहोळाचा फोटो त्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावर घ्यायला लावला. राजूरचा बैठकीत तसाच ठेवला. जाताना दारात म्हणाले, "मोहोळ खरं हुतं, एवढं मात्र मी समद्यांना सांगतो. माझं कुनी ऐकत न्हाई."

आता लोक मला विचारतात, टेलिफोटो झूम कोणती घ्यावी. उजेड कमी असेल तर अस्लमचं ऐका, मोठ्या तोंडाची घ्या. नाहीतर जिथवर चालत जायची तुमची छाती होणार नाही, तिथवर पोचणारी घ्या. आणि ड्रोन स्टेजच्या शेजारून उडवू नका.