नऊ दिवस रिकामं पेडल

ब्रेकच्या कामातली शेवटची पायरी दोन माणसांची असते, असं उस्ताद जन्मभर सांगत आले. एकाने गाडीखाली आडवं व्हायचं, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं, आणि नळीत अडकलेली हवा ऑइलबरोबर बाहेर काढायची. एक बुडबुडा जरी मागे राहिला तरी पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी जिथे थांबायची तिथे थांबत नाही. उस्तादांचं ते दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांच्या दोन खोल्या. मधल्या दारातून हाक यायची, "अगं, पाय दे." मग वहिनी गॅस बारीक करायच्या, पदराला हात पुसत यायच्या आणि चपला बाहेर काढून गाडीत बसायच्या. चपलेला काय कळतंय, म्हणायच्या.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

खाली पाना फिरायचा, चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल व्हायचं, नळीतून फसफसत ऑइल यायचं आणि वहिनींच्या पायाखालचं पेडल हळूहळू तळाला टेकायचं. निपल पुन्हा घट्ट झालं की मग, "सोड." एकेका चाकाला वीस-वीस वेळा. अठ्ठावीस वर्षं.

बाकीचा संसारही याच शब्दांच्या फटीतून चालायचा. "धर. काल भाजीत मीठ जास्त पडलं होतं."

"धरलंय. मग दोनदा वाढून कशाला घेतलीत?"

"सोड. पहिल्यांदा खात्री नव्हती पटली."

उस्ताद म्हणायचे, झालं; वहिनी म्हणायच्या, अजून आहे थोडी. उस्ताद कुरकुरत पुन्हा आडवे व्हायचे आणि खरंच कुठूनतरी एक चुकार बुडबुडा निघायचा. गिऱ्हाइकाला ते बिनदिक्कत सांगत, "पास मी नाही करत गाडी. तिचा पाय करतो." वहिनी तेवढ्यापुरत्या आत निघून जात, पण दाराआड थोडा वेळ उभ्या राहत.

यंदा चित्रकलेच्या सरांची गाडी आली. सर निवृत्त, गाडी त्यांच्या वडिलांची; फिकट निळी, गोल दिव्यांची, बघत राहावी अशी. पण सरांचं घर लांब उताराच्या तळाशी. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. उतारभर पाय ठेवून यावं तर ड्रम तापायचे आणि तळाशी पोहोचेपर्यंत ब्रेक नावालाच उरायचा. एकदा सर स्वतःच्याच फाटकात घुसले. उस्ताद म्हणाले, पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवू. ती उघड्यावर असते, वाऱ्याने गार होते, दम तोडत नाही.

दीड महिना ते त्या गाडीत गुंतले. पुढचे ड्रम उतरवले, पाठीमागचे पत्रे काढले, डिस्क आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा कॅलिपर बसवायला लोखंडी पट्ट्या घरीच कापून, घासून बसवल्या. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर बदलला. गाडी लोखंडी घोड्यांवर चढलेली आणि उस्ताद तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर, असं चित्र रोजचं झालं.

त्याच दिवसांत वहिनींना दिसू लागलं, की हा माणूस स्टुलावरून उठताना मडगार्डचा आधार घेतो. उठल्यावर क्षणभर तिथेच थांबतो. डावा खांदा चोळतो. विचारलं तर, पाना जड होता.

"डॉक्टरांना दाखवा."

"गाडी झाली की जातो."

"मागच्या गाडीलाही हेच म्हणालात."

"मागची गाडी झाली की नाही? मग ही पण होईल."

शेवटी फक्त हवा काढायची राहिली. उस्तादांनी हाक मारली, "अगं, पाय दे." वहिनी दारात आल्या, पण चपला पायातच होत्या.

"आधी डॉक्टर. त्याशिवाय मी पेडलवर बसायची नाही."

उस्ताद हसले. त्यांना वाटलं, तासाभराचं आहे. तासाभराचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हाक आली, तिसऱ्या दिवशी आली. वहिनी पोळ्या लाटत राहिल्या. दोघंही हट्टाला पेटलेली, आणि गंमत अशी की घरात भांडण असं नव्हतंच. चहा वेळेवर, जेवण गरम, बोलणं रोजचं. फक्त पेडल रिकामं.

नवव्या दिवशी सकाळी उस्ताद दारात आले. "बसलीस तर जातो."

"गेलात तर बसते."

"आधी तू."

"आधी तुम्ही."

ते मान हलवत बाहेर गेले. अकराच्या सुमाराला वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा ते पुढच्या चाकाशी स्टुलावर बसलेले होते, पाठ मडगार्डला टेकलेली, हातात ऑइल पुसायचं फडकं. चहा कुठे ठेवू म्हणून त्यांनी विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. मग कप तसाच हातात धरून त्या खाली बसल्या.

माणसं आली, गेली. मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली आणि नोकरीपायी परत गेली. सगळे एकच म्हणत होते, कुणाच्या हातात काय असतं. वहिनी ऐकून घेत. कुणाच्या हातात नसेल. पायात होतं, असं त्यांना वाटे. मी एकदा पेडलवर बसले असते, तर ते डॉक्टरकडे गेले असते. हे त्या कुणापाशी बोलल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी सर आले. दारातच घुटमळले. "वहिनी, गाडीची घाई नाही. नाहीतर ओढून नेतो दुसरीकडे. तुम्हाला रोज डोळ्यांसमोर…"

"ओढून नाही जायची," वहिनी म्हणाल्या. "स्वतःच्या पायांनी जाईल. माझ्यामुळे अडलीय ती."

सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

शेजारच्या गाळ्यात पत्र्याचं काम करणारे उस्तादांचे जुने दोस्त होते. दिवसभर हातोडा चालायचा म्हणून त्यांना गल्ली ठोकेभाऊ म्हणे. वहिनींनी त्यांना बोलावलं. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि बराच वेळ नाक ओढत राहिले.

"काम बघा याचं. पत्र्यात जन्म गेला माझा, मला नाही अशी कड घासता यायची." मग म्हणाले, "तुम्ही कशाला बसताय वहिनी? उगाच त्रास. बाटली आहे की."

"कसली बाटली?"

ठोकेभाऊंनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरच्या रंगाच्या डब्यांमागे हात घातला आणि एक प्लास्टिकची बाटली काढली. तिला पारदर्शक नळी, नळीच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी पितळी झडप. "हवा बाहेर जाते, आत येत नाही. एकटा माणूस पेडल मारतो, एकटाच उतरून बघतो. तासाभराचं काम."

नळी आतून पिवळी पडली होती. वापरातली होती.

"कधीपासून आहे ही?"

ठोकेभाऊंना आता कुठे लक्षात आलं, की आपण काहीतरी सांगून बसलो. "झाली असतील बारा वर्षं. तुमची आई आजारी होती, तुम्ही दोन महिने माहेरी होतात, तेव्हा आणली. चार-पाच गाड्या काढल्या हिच्यावर."

वहिनींना ते परतणं आठवलं. उस्ताद बस थांब्यावर आले होते. पिशवी हातातून घेत म्हणाले होते, "बरं झालं आलीस. तुझ्या पायावाचून सगळं तुंबलंय बघ." आणि त्याच संध्याकाळी एका गाडीवर त्यांना बसवलंही होतं.

"या वेळीही मी रोज म्हणत होतो," ठोकेभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "लाव बाटली आणि हो मोकळा. तर म्हणे, नाही. ती रुसलीय. मी बाटली लावली तर तिच्या रुसण्याला काय राहिलं? होऊ दे तिच्या मनासारखं, जाईन मी डॉक्टरकडे."

"कधी जाईन म्हणाले?"

"ते नाही म्हणाला."

वहिनी स्टुलावर बसल्या. नऊ दिवस त्यांना वाटत होतं, आपण काम अडवलंय. काम अडलंच नव्हतं. ते उस्तादांनीच अडवून धरलं होतं, बायकोचा शब्द खाली पडू नये म्हणून.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. चपला काढल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. "व्हा आडवे, भाऊजी."

"बाटली लावू का?"

"नको."

ठोकेभाऊंचा आवाज खालून आला. "दाबा."

"दाबलं."

"धरा, वहिनी."

वहिनींना 'धरलंय' म्हणता येईना. पाय मात्र ठाम होता. "धरलंय का?" ठोकेभाऊंनी खालून विचारलं. पाना फिरायचा थांबला होता. समोरच्या काचेत छताच्या पत्र्याचं भोक आणि त्यातून आलेलं ऊन दिसत होतं.

"धरलंय," वहिनी म्हणाल्या.

आधी मागची चाकं, मग पुढची. पेडल हळूहळू घट्ट होत गेलं. ठोकेभाऊ म्हणाले, झालं. वहिनींनी पाय ठेवून पाहिला, डोळे मिटले.

"अजून आहे थोडी."

ते न कुरकुरता पुन्हा आडवे झाले. पुढच्या डाव्या कॅलिपरमधून एक बुडबुडा निघाला, मुगाएवढा. त्यानंतर पेडल असं उभं राहिलं, की जणू खाली भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी सर गाडी घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी मागचे लाल दिवे एकदा लागले, गाडी जिथे थांबायची तिथे थांबली आणि वळली.

वहिनी आत आल्या. बाटली अजून फळीखालच्या बाकावर पडली होती. त्यांनी ती फडक्याने पुसली, नळी गुंडाळली. मग स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि ती रंगाच्या डब्यांमागे, खालून दिसू नये अशी, होती तिथे ठेवून दिली.